होकार असो वा नकार, आधी आणि लेखी: कंपूतील मांजर पाळणाऱ्या भाडेकरूंचे मागणीपत्र

प्रति,
कंपू व लगतच्या वस्त्यांतील घरमालक, अपार्टमेंटच्या रहिवासी समित्या आणि घरदलाल, लष्कर, ग्वाल्हेर.
माहिती व कार्यवाहीसाठी : आयुक्त, ग्वाल्हेर नगर निगम, जिल्हाधिकारी, ग्वाल्हेर.

विषय : मांजर पाळणाऱ्या भाडेकरूंसाठी किरायानाम्यात लेखी अटी घालण्याबाबत.

आम्ही कंपूत भाड्याने राहतो आणि मांजरे पाळतो. भाडे तारखेला देतो, विजेचे बिल भरतो, पोलीस पडताळणीचा अर्ज देतो. घरात मांजर चालेल की नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हाला आजवर तोंडी मिळाले आणि तोंडीच फिरवले गेले. यापुढे ते कागदावर हवे, आणि सामान चढवण्याआधी हवे. या पत्रातल्या सगळ्या मागण्या या एका मागणीतून निघाल्या आहेत.

कार्यालयांना हे पत्र हिंदीत दिले जाईल. ही मराठी प्रत मुख्यतः घरमालकांसाठी आहे, कारण लष्कर भागात घरमालक आणि भाडेकरू दोघेही मराठी निघण्याचा योग अजून बऱ्याचदा येतो, आणि असा वाद घरच्या भाषेत लवकर मिटतो. मराठीत कंपू म्हणजे टोळके असा अर्थ रूढ आहे, म्हणून एक खुलासा. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. वस्तीचे नाव त्यावरून पडले. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला दिलेला तळ उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, सरदारांच्या गोटांच्या ‘गोठी’ झाल्या आणि छावणीचेच लष्कर नावाचे शहर झाले. इथले सगळेच मूळचे मुक्कामाला आलेले. आज त्यात गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी, जयारोग्य रुग्णालयात पाळीवर जाणारे डॉक्टर आणि परिचारिका, नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे आणि एकटे राहणारे निवृत्त लोक यांची भर पडली आहे. आमच्या संघटनेचे सदस्य याच लोकांतले आहेत.

आजची रीत

घर बघायला गेल्यावर मांजराचा विषय कोणीच काढत नाही. दलाल काढत नाही, कारण त्याची दलाली अडते. घरमालक काढत नाही, कारण त्याला ते सुचत नाही. आणि आम्हीही काढत नव्हतो, हे मान्य करून पुढे जाऊ. ताकाला जाऊन भांडे लपवण्याची ही सवय आमच्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे पाळली.

तिचे रूप कसे असते ते सांगतो. आमच्या एका सदस्येकडे घरमालक दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे घ्यायला येत. चार तारखेच्या रात्री रेतीचा ट्रे धुऊन पलंगाखाली जाई आणि त्यावर कपड्यांचा टब उपडा पडे. सकाळी मांजर भाजीच्या टोपलीत, वर ओढणी बांधून, शेजारच्या गच्चीवर. खिडकीच्या गजांवरचे केस ओल्या फडक्याने पुसले जात. चहा होईपर्यंत सगळे सुरळीत चाले. एकदा गच्चीवरून आवाज आला. घरमालकांनी विचारले, कोणाचे मूल रडते आहे? ती म्हणाली, शेजारचे. हे तीन वर्षे चालले. चौथ्या वर्षी जिन्यात गाठ पडली आणि आठ दिवसांत घर सोडावे लागले. घरमालकांचा राग मांजरावर नव्हता. तीन वर्षे आपल्याला फसवले याचा होता, आणि तो रास्त होता.

या लपवाछपवीत दोघांचेही नुकसान आहे. घरमालकाला आपल्या घरात काय आहे ते कळत नाही आणि भाडेकरू अकरा महिने जीव मुठीत धरून राहतो. अकरा महिने अशासाठी की एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावा लागतो आणि ते कोणाला नको असते. दर अकरा महिन्यांनी तोच प्रश्न नव्याने उभा राहतो.

पहिली मागणी : टोकन देण्याआधी लेखी उत्तर

भाडेकरूने मांजर असल्याचे लेखी कळवायचे : संख्या, वय, नर की मादी, लसीकरण, नसबंदी. व्हॉट्सअॅपवरचा संदेश लेखी धरावा. घरमालकाने 7 दिवसांत होकार किंवा नकार त्याच मार्गाने द्यावा. नकार असेल तर कारण एका ओळीत लिहावे. तोवर टोकन घेऊ नये. घेतले असेल आणि उत्तर नकाराचे असेल, तर 3 दिवसांत पूर्ण परत करावे. होकार असेल तर तो किरायानाम्यात स्वतंत्र कलम म्हणून लिहावा. दलालाने घर दाखवण्याआधी ‘मांजर चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ एवढे दोन शब्दांत सांगावे. त्याला याहून अधिक तसदी आम्ही देत नाही.

आपले घर कोणाला द्यायचे हे ठरवण्याचा घरमालकाचा अधिकार आम्ही मागे घ्या म्हणत नाही. दुसरीकडे कायदे त्याही पुढे गेले आहेत. फ्रान्समध्ये राहत्या घरात पाळीव प्राणी ठेवण्यास सरसकट बंदी घालणारे कलम 1970 च्या कायद्याने निरर्थक ठरवले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2013 मध्ये छापील करारातली कुत्र्यामांजरांवरची सरसकट बंदी अवैध ठरवली. इंग्लंडच्या 2025 च्या भाडेकरू कायद्यात पाळीव प्राण्यासाठी केलेल्या विनंतीला घरमालकाने 28 दिवसांत उत्तर द्यायचे आहे आणि सबळ कारणाशिवाय नकार देता येत नाही. आम्ही 28 ऐवजी 7 दिवस म्हणतो, कारण कंपूतले चांगले घर 28 दिवस रिकामे राहत नाही. आणि नकाराचा अधिकार तूर्त तसाच राहू देतो. तो लपून किंवा उशिरा वापरला जाऊ नये, एवढेच मागतो.

दुसरी मागणी : मुदतीच्या मध्यात हकालपट्टी नको

लेखी होकारानंतर केवळ मांजर आहे म्हणून घर सोडायला लावू नये. मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम 1961 च्या कलम 12 मध्ये घर रिकामे करून घेण्याची कारणे मोजून दिली आहेत. भाडेकरूने उपद्रव करणे हे त्यांपैकी एक आहे. उपद्रव हे कृत्य असते आणि ते दाखवून द्यावे लागते. खिडकीत बसलेले मांजर हे कृत्य नाही.

खरा उपद्रव होत असेल तर त्याची पद्धत ठरवा. तक्रार लेखी असावी आणि तिच्यात तारीख-वेळ असावी. तीन दिवसांत घरमालक, भाडेकरू आणि समितीचा एक सदस्य यांनी मिळून पाहणी करावी. दोष सुधारायला 15 दिवस द्यावेत. तोच दोष पुन्हा झाला तर आणखी 15. त्यानंतर घरमालकाने नोटीस दिली तर आमची संघटना त्या भाडेकरूची बाजू घेणार नाही.

मांजराच्या कारणाने भाडेकरार संपवायचाच ठरला, तर 60 दिवसांची मुदत हवी. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा दिवसांत ‘मांजर आजच बाहेर काढा, तुम्ही राहा’ हा तोडगा आम्हाला अनेकदा सुचवला गेला आहे. तो सुचवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे आणि तो आमच्या हातून करवून घेतला जात आहे. त्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड 10 ते 50 रुपये आहे. आमच्या आज्यांचा दंड याहून कडक होता : मांजर मारणाऱ्याने काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करायचे. प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा लुळे करणे मात्र आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. गच्चीवर विषारी गोळ्या टाकण्याची भाषा जिन्यात केली जाते, म्हणून हे कलम इथे नावानिशी लिहिले.

मांजर जावे म्हणून पाणी किंवा वीज तोडणे हा मार्ग कोणी वापरू नये. घरात येण्याआधी 24 तासांची सूचना द्यावी. दार अचानक उघडले की मांजर जिन्यात पळते आणि मग चारही मजले ते शोधत बसतात; ही सूचना घरमालकाच्याही सोयीची आहे.

तिसरी मागणी : घरमालकाच्या होकारावर समितीने ठराव करू नये

आमची सर्वांत जुनी आणि सर्वांत बोचणारी तक्रार ही आहे. घरमालक हो म्हणतो, भाडेकरू राहायला येतो आणि दोन महिन्यांनी लिफ्टशेजारच्या फलकावर कागद लागतो : सभेत बहुमताने ठरले, पाळीव प्राणी असलेल्या किरायेदारांनी 15 दिवसांत व्यवस्था करावी. आमच्या एका सदस्याच्या इमारतीत असा कागद लागला. त्याच इमारतीतल्या दोन फ्लॅटमालकांकडे कुत्रे आहेत. त्या कागदात ‘किरायेदारांनी’ हा शब्द होता, ‘रहिवाशांनी’ नव्हता. त्या सभेला भाडेकरूंना बोलावले नव्हते. देखभाल खर्च मात्र तेच दरमहा भरतात.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी 2015 मध्ये रहिवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत, असे त्यांत स्पष्ट लिहिले आहे. त्या सूचना कुत्र्यांविषयी आहेत. मांजर तिथेही कोणाला आठवले नाही. बहुधा ते फिरायला नेताना दिसत नाही म्हणून. पण भुंकणाऱ्या, साखळीने जिन्यातून जाणाऱ्या प्राण्याला जे लागू आहे, ते दिवसातले बहुतेक तास झोपणाऱ्या प्राण्याला का लागू नसावे याचे कारण कोणी सांगावे. नोव्हेंबर 2021 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने रहिवासी संघटनांचे असे बंदीनियम बेकायदा आणि अंमलात आणता न येणारे ठरवले. वाजवी अटी घालण्याची मुभा ठेवली. तो निकाल मध्यप्रदेशात बंधनकारक नाही हे आम्ही जाणतो. पण त्यातला विचार इथेही पटण्यासारखा आहे.

मागणी अशी : प्रत्येक समितीने आपल्या नियमांतून मांजरांवरची बंदी काढावी. मध्यप्रदेश प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम 2000 खाली असो किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली असो, समितीने नियम करायचे ते जिना, गच्ची, लिफ्ट आणि आवार यांपुरते. ते मालक आणि भाडेकरू दोघांना सारखे असावेत. प्राण्यांविषयी ठराव होणार असेल त्या सभेची सूचना भाडेकरूंना 7 दिवस आधी द्यावी आणि त्यांना बोलू द्यावे. मताचा अधिकार आम्ही मागत नाही. फलकावर लागलेले जुने कागद या पत्राच्या तारखेपासून 30 दिवसांत उतरवावेत.

चौथी मागणी : अनामत आणि वजावट

मांजर आहे म्हणून तीन-तीन, चार-चार महिन्यांची अनामत मागितली जाते. केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 जून 2021 रोजी मंजूर केलेल्या आदर्श किरायेदारी कायद्याच्या मसुद्यात राहत्या घरासाठी अनामतीची कमाल मर्यादा दोन महिन्यांचे भाडे ही आहे. तो मसुदा राज्यांनी स्वीकारायचा आहे. तोवर घरमालकांनी ही मर्यादा आपणहून पाळावी. मांजरासाठी वेगळी अनामत घ्यायची तर ती अर्ध्या महिन्याच्या भाड्याहून जास्त नसावी आणि सगळी मिळून दोन महिन्यांच्या आत बसावी. म्हणजे 9,000 रुपये भाड्याच्या घराला मांजराची अनामत 4,500 रुपये आणि एकूण 18,000 रुपयांपर्यंत. दरमहा ‘मांजराचे भाडे’ घेऊ नये. मांजर पाणी किती पिते हे आम्ही मोजून देऊ शकतो.

घर सोडताना होणारी भांडणे बहुतेक रंगावरून होतात. मांजर नेमके काय बिघडवते हे आमच्याहून कोणाला ठाऊक असणार? खिडकीची मच्छरजाळी फाटते. दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून दोन फुटांच्या आत, ओरखडे पडतात. घरमालकाचा सोफा असेल तर त्याचा एक कोपरा जातो. पडद्याचे दोरे निघतात. भिंतीचा रंग मांजराने जात नाही, पाझराने जातो. आमच्या एका सदस्याने घर सोडले तेव्हा एका फाटक्या जाळीपोटी त्याला दोन खोल्यांचा रंग लावला. रंगाऱ्याचे बिल दाखवले नाही. जाळी तशीच फाटकी ठेवून पुढचा भाडेकरू आला.

म्हणून मागणी : राहायला येताना आणि सोडताना दोघांनी मिळून पाहणी करावी, प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढून एकमेकांना पाठवावेत. वजावट बिलावर व्हावी आणि प्रत्यक्ष बिघडलेल्या वस्तूपुरती असावी. रोजच्या वापराची झीज त्यात धरू नये. उरलेली रक्कम किल्ली दिल्यापासून 15 दिवसांत मिळावी.

घरमालकांच्या तीन शंका

पहिली शंका वासाची आणि रात्रीच्या ओरडण्याची. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींचे मूळ बहुतेक वेळा एकच असते : नसबंदी न केलेले जनावर. माजावर आलेली भाटी रात्रभर ओरडते आणि मोठा बोका दारे-भिंतींवर फवारतो. पाच-सहा महिन्यांच्या वयाला नसबंदी केली की ओरडणे थांबते आणि फवारणेही बहुतेकांचे बंद होते. त्यामुळे सहा महिन्यांवरील प्रत्येक मांजराची नसबंदी ही अट आम्ही स्वतःहून किरायानाम्यात घालायला तयार आहोत. पशुवैद्याने लेखी मनाई केली असेल तेवढाच अपवाद.

दुसरी शंका घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असताना रोगाची. अर्धी गल्ली डॉक्टरांची असलेल्या कंपूत हे लिहावे लागते याचे नवल वाटते, पण लिहितो. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा बाहेर पडल्याबरोबर बाधक नसतो; त्याला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ केला की ती वाट बंद होते. शिवाय हा जंतू कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून आणि बागेच्या मातीतूनही येतो. घराबाहेर न जाणारे, शिजवलेले किंवा कोरडे खाद्य खाणारे मांजर गच्चीवरच्या भटक्या मांजराहून कितीतरी कमी धोक्याचे. गरोदर बाईने ट्रेला हात लावू नये, हा नियम आमच्या घरांतही पाळला जातो. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयाला आणि पुढे दरवर्षी दिली जाईल आणि कार्डाची प्रत घरमालकाकडे राहील.

तिसरी शंका उघड बोलली जात नाही, पण नकाराच्या कारणांत ती कदाचित सर्वांत वर असेल : घर शाकाहारी आहे, मांजर मासे खाणार. मांजराला मांसाहार टाळता येत नाही, हे खरे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला अन्नातूनच मिळावे लागते. ते कमी पडले की डोळे आणि हृदय जाते. दूधपोळीवर वाढवलेली मांजरे आम्ही पाहिली आहेत आणि ती कशी आंधळी होतात तेही. पण यासाठी घरात मासे शिजवावे लागत नाहीत. एप्रिल 2020 च्या टाळेबंदीत कोचीतले एक शाकाहारी गृहस्थ आपल्या तीन मांजरांची तयार बिस्किटे आणायला बाहेर जाऊ द्यावे म्हणून केरळ उच्च न्यायालयात गेले. घरात मांस शिजत नाही, म्हणून ही बिस्किटेच हवीत, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने परवानगी दिली. शाकाहारी स्वयंपाकघर आणि मांजर एका घरात नांदू शकतात, याला याहून चांगला दाखला आमच्याकडे नाही. ज्या घरमालकाची तशी अट असेल तिथे आमचे सदस्य फक्त बंद डब्यातले तयार खाद्य देतील आणि ते स्वयंपाकघराबाहेर ठेवतील.

आमच्यावरच्या अटी

मागण्या एका बाजूच्या असू नयेत. एका फ्लॅटमध्ये दोनपेक्षा जास्त मांजरे राहणार नाहीत. तिसऱ्यासाठी पुन्हा लेखी होकार घेऊ. बाल्कनी आणि खिडक्यांना जाळी आमच्या खर्चाने बसेल आणि घर सोडताना जागच्या जागी राहील. ट्रे दिवसातून निदान एकदा साफ होईल. वापरलेली रेती कागदात बांधून कचरागाडीत जाईल. संडासात किंवा मोरीत कधीही नाही. घट्ट होणारी रेती पाण्यात फुगते आणि पाइप असा धरते की प्लंबरला फरशी फोडावी लागते. हे आमच्यापैकी एकाकडून एकदा घडले आहे. बिल त्याने भरले, आणि ही अट त्यानेच या पत्रात घालायला लावली.

रात्रपाळी करणाऱ्या सदस्यांच्या घरमालकांना वेगळी काळजी असते : हे चोवीस तास ड्यूटीवर, मांजराकडे कोण बघणार? प्रत्येक सदस्य जवळपासच्या दोन घरांची नावे आणि फोन घरमालकाला देईल. गरज पडली तर ते येतील, किल्ली त्यांच्याकडे असेल. ही व्यवस्था आमच्यात आताही चालू आहे.

जो सदस्य मांजर लपवून घर घेईल किंवा घर सोडताना मांजर मागे टाकून जाईल, त्याची बाजू संघटना घेणार नाही. दुसऱ्या प्रकारात आम्ही स्वतः तक्रार करू.

नगर निगम आणि जिल्हा प्रशासन

नगर निगमाकडे दोन मागण्या आहेत. मांजरासाठी एक पानी ऐच्छिक नोंदणी सुरू करावी : फोटो, लसीची तारीख, नसबंदीची खूण, पाळणाऱ्याचा पत्ता. हा कागद भाडेकरूला घरमालकापुढे ठेवता येईल. दुसरे, शासकीय पशुवैद्यकांच्या मदतीने कंपू भागात महिन्यातून एक रविवार लसीकरण आणि नसबंदी-नोंदणीसाठी ठेवावा. लसीचा खर्च आम्ही देऊ, जागा आणि माणसे मिळवण्यात हातभार लावू. निगमाने तारीख द्यावी आणि ती पाळावी.

जिल्हा प्रशासनाकडे मागणी अशी की किरायानाम्याला जोडायचे पाळीव प्राण्यांचे एक पानी परिशिष्ट शिफारस म्हणून प्रसिद्ध करावे. त्याचा मसुदा आम्ही तयार केला आहे. वर लिहिलेल्या अटी त्यात कलमवार आहेत. आदर्श कायदा राज्याने स्वीकारताना त्यात पाळीव प्राण्यांचे कलम घालावे, ही सूचना आमच्या वतीने शासनाला पाठवावी. अनामत, दुरुस्ती, घरमालकाने कधी आत यावे, सगळ्याचा विचार आदर्श कायद्याच्या मसुद्यात आहे. घराघरात असलेला हा प्राणी तेवढा राहिला.

पुढची पावले

हे पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत रहिवासी समित्या आणि घरमालकांचे प्रतिनिधी यांच्याबरोबर एक बैठक व्हावी. जागा आणि वेळ आम्ही ठरवू. संध्याकाळी सातनंतरची असेल, म्हणजे रुग्णालयातल्या दिवसपाळीच्या सदस्यांना येता येईल. बैठकीत चर्चा परिशिष्टाच्या कलमांवर होईल, मांजर शुभ की अशुभ यावर नाही.

30 दिवसांत उत्तर आले नाही तर 31 व्या दिवशी आमचे सगळे सदस्य, ज्यांनी आजवर लपवले तेही, आपापल्या घरमालकाला मांजराची लेखी माहिती देतील. सोबत लसीच्या कार्डाची प्रत आणि सही केलेले परिशिष्ट जोडतील. त्यानंतर ज्याला घर सोडायला सांगितले जाईल, त्याचा अर्ज स्थान नियंत्रण अधिनियमाच्या कलम 12 चा आधार घेऊन तयार ठेवलेला आहे.

बैठकीला येताना घरमालकांनी सध्याचा किरायानामा आणावा. समित्यांनी फलकावर लावलेला मूळ कागद आणि त्या सभेचे इतिवृत्त आणावे. लसीची कार्डे आणि खोल्यांचे फोटो आम्ही आणतो.

संघटनेच्या सर्व सदस्यांच्या वतीने,
कंपू, लष्कर, ग्वाल्हेर